खलनायकाचं घर

घरी पाहुणे आले की त्यांना तपोवनात न्यायचं, हा नाशिकच्या घराघरातला रिवाज. काळाराम, सीतागुंफा उरकली की रिक्षा तिकडे वळते आणि लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय तो देखावा पोराटोरांना हटकून दाखवला जातो. मी तो पहिल्यांदा मामाच्या खांद्यावरून पाहिला. इकडे उगारलेला हात, तिकडे किंचाळणारी बाई. ही बाई मुळात इथे रानात काय करत होती, कुणाची कोण, हे कुणीच विचारत नाही. मीही विचारलं नाही. नाक गमवायचं आणि गावाला नाव देऊन मोकळं व्हायचं, एवढीच तिची कामगिरी असं मी धरून चाललो होतो.

आम्ही गांधीनगरला, प्रेसच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. तिथली रामलीला आणि दसऱ्याचं रावणदहन बघायला अर्धं नाशिक लोटायचं. आम्हा पोरांचं सगळं लक्ष रावणाकडे. रामाला काय, शांत उभं राहायचं असतं. आमच्या लेखी रावणाला आई नव्हती, बाप नव्हता. तो दहा तोंडांसकट, मिशांसकट तयारच जन्माला आला होता. त्याचं काम करणारे काका शेजारच्या इमारतीत राहायचे. रात्री गदगदा हसून मैदान हादरवायचे आणि सकाळी बनियनवर दुधाच्या रांगेत. त्यांच्या घरातून एरवीही आवाज यायचा, पण तो संवादांचा नव्हे. मुलाला गणितात कमी मार्क पडले की, ‘तो वरच्या मजल्यावरचा बघ, त्याच वर्गात आहे ना?’ हे वाक्य जिन्यापर्यंत स्वच्छ ऐकू यायचं. वरच्या मजल्यावरचा तो मी. लाज वाटायची, थोडी मजाही वाटायची.

दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झालं १९९७ साली. त्यातला तमराज किल्विष तर बोलूनचालून अंधारच. त्याला घर कुठलं असणार? ‘मिस्टर इंडिया’तल्या मोगँबोचंही तेच. त्याचं बेट होतं, फौज होती, घर नव्हतं. अशा खलनायकांची मोठी सोय होती. तो मेला की टाळ्या वाजवायच्या आणि जेवायला बसायचं. पाठीमागे रडणारं कुणी नाही.

ही सोय माझ्यापुरती संपली ‘स्पायडरमॅन’ने. २००२चा तो सिनेमा मी हिंदीत, खच्चून भरलेल्या थिएटरात पाहिला. नॉर्मन ऑसबर्न हा बडा शास्त्रज्ञ-उद्योगपती पुढे ग्रीन गॉब्लिन होतो आणि हाणामाऱ्या करतो, त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते हे, की त्याला पोटच्या हॅरीपेक्षा हॅरीचा मित्र पीटर जास्त पसंत असतो, आणि हॅरी शेजारी उभा असतानाच बाप पीटरचं कौतुक करतो. हॅरीचा चेहरा पडतो तो क्षणभरच. मला एकदम आमचा जिना आठवला. २००७च्या तिसऱ्या भागात हा हॅरी बापाचीच आयुधं घेऊन पीटरवर चालून जातो. थिएटरात पोरं शिट्ट्या मारत होती. मला मात्र त्याचा राग येईना.

पुढे आजोबांच्या कपाटातलं रामायणाचं जाडजूड भाषांतर चाळताना उत्तरकांड हाती लागलं आणि माझी झोप उडाली. रावणाला घर होतं, आणि चांगलं भांडणाचं घर होतं. विश्रवा ऋषी बाप, कैकसी आई, सावत्र भाऊ कुबेर. एके दिवशी कुबेर पुष्पक विमानात बसून बापाला भेटायला येतो. त्याचं ते तेज बघून कैकसी आपल्या मुलाला म्हणते की बघ, तो तुझाच भाऊ आणि तू असा. त्याच्यासारखा होऊन दाखव. पोरगा ईर्ष्येने पेटतो आणि भावांना घेऊन तप करायला गोकर्णाला जातो. पुढे त्याच कुबेराची लंका घेतो, पुष्पकही घेतो. पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. मागचं कुणी सांगत नाही, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातलंच बोलणं आहे.

शूर्पणखेचीही तिथेच गाठ पडली. रावणाने लढाईच्या धुंदीत तिचा नवरा, विद्युज्जिव्ह, मारला. ती भावापुढे येऊन रडली तेव्हा त्याने तिची समजूत काय घातली, तर तिला मावसभाऊ खराच्या हवाली केलं आणि १४,००० राक्षसांसह दंडकारण्यात धाडून दिलं. म्हणजे दंडकारण्यातल्या ज्या जनस्थानाच्या, आमच्या नाशिकच्याच, नावाने कुसुमाग्रज प्रतिष्ठान आज साहित्यिकांना पुरस्कार देतं, तिथे ही विधवा बाई भावाने आणून टाकलेली होती. आता पाहुण्यांना तपोवनात नेलं की मी हे सांगतो. पाहुणे घड्याळ बघतात.

वीस-बावीसच्या वयात मला हा प्रकार फार आवडला. खलनायक म्हणजे आईबापांची करणी, हे त्या वयात पटायला किती सोपं! तेव्हा माझं वडिलांशी पटत नव्हतं. प्रत्येक सिनेमात मी आरोपीचा वकील. मग लग्न झालं, मुलं झाली, आणि बसल्या खुर्चीतच मी आरोपीच्या पिंजऱ्यात गेलो. तोवर मार्व्हलवाल्यांचा हा धंदाच होऊन बसला होता. ‘ब्लॅक पँथर’मध्ये राजा आपल्या भावाला ठार करतो आणि त्याच्या कोवळ्या पोराला परमुलखात तसाच सोडून येतो. तो पोरगा म्हणजे किलमाँगर. मोठ्यांनी झाकलेलं पाप पुढच्या पिढीच्या दारात येऊन उभं राहतं, हे ठीक. पण हल्ली वाटतं, दर खलनायकाला एक वाईट बाप जोडून दिला की लेखकाचं काम फार लवकर आटोपतं. बापाच्या डोक्यावर खापर फोडलं की बाजार, सत्ता, सरकार सगळे निर्दोष सुटतात.

आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावने हा मोह टाळला, याचं मला कौतुक आहे. शेख नासिर यांनी तिथे सुपरमॅन केला. सुपरमॅन झाले शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काटकुळा माणूस. त्या खटाटोपावर फैझा अहमद खान यांचा माहितीपट आहे, आणि २०२५ साली रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला. मालेगावच्या सुपरमॅनची लढाई गावातल्या घाणीशी आणि व्यसनांशी. तिथल्या खलनायकाला दुखावलेलं बालपण लागत नाही. गावात खोकत हिंडलं की तो भेटतो. शफीक पुढे कर्करोगाने गेले.

मध्यंतरी मुलीबरोबर घरी ‘थॉर : रॅग्नारॉक’ पाहिला. हेला ही ओडिनची थोरली लेक. बापाने तिला हाताशी धरून राज्यं जिंकली आणि मग ती डोईजड झाल्यावर तिला कोंडून घातलं. नुसतं कोंडलं नाही, छतावरच्या चित्रांतूनसुद्धा पुसून टाकलं. हेला परत येऊन ते छत फोडते तेव्हा नव्या गोडगोड चित्रांखालून जुनी, लढायांची चित्रं निघतात. मुलीने तिथेच निकाल दिला, ‘बाबा, चूक ओडिनची आहे.’

मी बापलोकांची बाजू घेतली. म्हटलं, ‘थॉर त्याच घरात वाढला की. रावणाच्या घरात विभीषण होता. आईबाप तेच ना?’

‘थॉर नंतरचा आहे,’ ती म्हणाली. ‘पहिलीच्या वेळेला चुकलेलं सगळं ओडिनने थॉरच्या वेळेला नीट केलं. धाकट्यांचं सोपंच असतं.’

आमच्याकडे ती थोरली. धाकटे चिरंजीव तेव्हा, दिवसभराचा ठरलेला वेळ संपून गेल्यावरही, माझाच फोन घेऊन सोफ्यावर पसरले होते, आणि तिच्या वेळी आम्ही हे अजिबात चालू दिलं नव्हतं. रावण थोरला, विभीषण धाकटा, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.