डिकीमागच्या सायकली

कोल्हापूरच्या सायकलवाल्यांना चढ शोधायला लांब जावं लागत नाही. पन्हाळा २० किलोमीटरवर, जोतिबाचा डोंगर तिथंच शेजारी. पण तेच चढ किती दिवस चढणार? कधीतरी आंबोली खुणावते, कधी गगनबावडा, कधी राधानगरीच्या पुढं दाजीपूर. तिथं पोचेपर्यंत महामार्गावर ट्रकांच्या कडेनं जीव मुठीत धरून पॅडल मारायचं मला तरी जमत नाही. म्हणून सायकली गाडीनं न्यायच्या आणि घाटाच्या तोंडाशी उतरवायच्या, असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मी आणि माझा मुलगा. नवरा गाडी चालवतो आणि वर चहा पीत आमची वाट बघतो.

सायकल आत घालून न्यायची म्हणजे पुढचं चाक काढा, मागची सीट पाडा, चादर अंथरा, आणि एवढं करूनही चेनचं काळं ग्रीस सीटकव्हरला लागतंच. टपावर न्यायची तर १४ किलोंची सायकल डोक्यावर उचलावी लागते. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळं हा विषय आमच्याकडं लवकर संपला. शिवाय टपावर सायकल आहे हे विसरून लोक कमी उंचीच्या पार्किंगमध्ये गाडी घालतात, ते वेगळंच. डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचे कॅरिअर आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसतात. स्वस्त असतात, कुठल्याही गाडीला बसतात. पण सगळा भार दाराच्या कडेवर आणि बिजागरीवर येतो, आकड्यांखालचा रंग जातो, आणि वर प्लास्टिकचा स्पॉयलर असेल तर पट्टा त्याच्यावर ताणायला हात धजत नाही.

लहानपणी एसटीच्या टपावर सायकली जाताना बघितल्या आहेत. मागच्या शिडीवरून हमाल वर चढायचा, खालून दोघं सायकल वर द्यायचे, आणि पोत्यांच्या शेजारी ती सुंभानं आवळली की झालं. तिला कुणी रबरबिबर लावत नव्हतं. अर्थात त्या सायकलीही तशाच दणकट होत्या.

उरला गाडीमागं, बंपरखाली जोडायचा रॅक. आमचा रॅक अमेरिकेतून आला. भावानं येताना विमानाच्या २३ किलोंच्या एका बॅगेत तो सुटा करून आणला, त्या बॅगेत दुसरं काही मावलंच नाही. तिकडं गाडीमागं ट्रेलर ओढायची पद्धत आहे, त्यामुळं बंपरखाली दोन इंची चौकोनी पाईप बसवून मिळतो. रॅकचा दांडा त्यात सरकवायचा, आडवी पिन घालायची. युरोपात पाईपाऐवजी ५० मिलिमीटरचा गोळा असतो. आपल्या गाड्यांना मागं काय असतं? गाडी बंद पडली तर ओढून न्यायला पेचात फिरवून बसवायची एक कडी. ती सरळ ओढीसाठी केलेली असते. तिच्यावर मागं लोंबणारं वजन टाकायचं नाही, हे मला उद्यमनगरात पहिल्यांदा कळलं.

शिवाजी उद्यमनगरात शेताच्या अवजारापासून यंत्राच्या सुट्ट्या भागापर्यंत काहीही करून मिळतं, हा आम्हा कोल्हापूरकरांचा अभिमान. तिथल्या मिस्त्रींनी आधी रॅक हातात घेऊन तोलला, मग गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. बाहेर आल्यावर म्हणाले, “पाईप करायचं काय, आज करून देतो ताई. पर त्यो धरणार कशाला? बंपर म्हंजे नुसतं प्लास्टिक हाय. वजन चॅसीनंच घ्याय पायजे.”

आमची गाडी जुन्या पद्धतीची, वेगळी चॅसी असलेली. त्यामुळं दोन्ही बाजूंच्या लांब बीमांना कारखान्यातूनच पाडलेली भोकं होती. मिस्त्रींनी तीच वापरली. नवीन भोक पाडायला ते तयार नव्हते आणि चॅसीवर वेल्डिंग करायला तर मुळीच नाही. आडवी पट्टी, दोन्हीकडं जाड प्लेटा आणि मधोमध चौकोनी पाईप, असा सांगाडा बाहेर टेबलावर जोडायचा आणि मग बोल्टांनी कसायचा. बोल्ट घेताना त्यांनी प्रत्येकाचं डोकं उलटून बघितलं. त्यावर ८.८ असा आकडा उठवलेला असला तरच बाजूला ठेवायचे. साधा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण तेवढा ताण सोसत नाही.

खरी गंमत पाईपात होती. रॅकचा दांडा दोन इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. आपल्या बाजारात ६० मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा पाईप मिळतो, त्याची आतली मोकळी जागा ५२. हिशेब जुळला असं वाटलं, पण दांडा आत जाईना. चौकोनी पाईप पत्रा वाकवून, सांधून केलेला असतो आणि त्या सांध्याची कड आतून उठलेली असते. मिस्त्रींच्या पोरानं लांब कानशीनं ती कड घासून सपाट केली. बोट घालून बघायचा, परत घासायचा. दांडा गेला आणि मग हलायला लागला. सव्वा मिलिमीटरची ढिलाई म्हणजे काहीच नाही, असं आपल्याला वाटतं. पण ती दांड्याच्या तोंडाशी असते. मीटरभर मागं, दुसऱ्या सायकलीच्या चाकाशी ती चांगली बोटभर होते. गाडी धावताना प्रत्येक खड्ड्याला खडखड, आणि ती खडखड रोज थोडं थोडं पिनेचं भोक मोठं करत जाणार. त्यावर मिस्त्रींनी पाईपाला खालून एक नट वेल्ड केला आणि त्यातून बोल्ट असा कसला, की दांडा वरच्या कोपऱ्यात दाबला जाईल. पिन दांड्याला बाहेर येऊ देत नाही, हा बोल्ट त्याला हलू देत नाही. दोन्हीची कामं वेगळी आहेत, आणि एक आहे म्हणून दुसऱ्यात कुचराई चालत नाही.

वजनाचा हिशेब मुलानं वहीत मांडला. रॅक १८ किलो, माझी सायकल १४, त्याची १३, म्हणजे ४५. “एवढं तर एका माणसाचंही नाही,” असं नवरा म्हणाला. पण माणूस दोन चाकांच्या मध्ये बसतो, हे वजन मागच्या चाकांच्याही मागं लोंबतं. पुढच्या-मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर आणि सायकली मागच्या चाकापासून १.३ मीटर मागं धरल्या, तर मागच्या चाकांवर ४५ ऐवजी साडेसदुसष्ट किलो येतात आणि पुढची चाकं साडेबावीस किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग आणि बरंचसं ब्रेकिंग पुढच्या चाकांच्या जिवावर चालतं. मागची सीट आणि डिकीही भरलेली असेल तर हा फरक घाटात हाताला कळतो. गतिरोधकावरून आपटलं तर जोडावरचा भार क्षणभर दुपटीच्या पुढं जातो. म्हणून तीन सायकली मावत असल्या तरी आम्ही दोनच लावतो.

गगनबावड्याच्या रस्त्यावर गाव आलं की गतिरोधक आला, आणि प्रत्येक गावाची उंची वेगळी. पोट घासू नये म्हणून गाडी तिरकी काढायची आपल्याला सवय असते. मागं रॅक असताना हे करू नये. एकेक चाक चढतं-उतरतं तशी गाडी डावी-उजवी डोलते आणि ते डोलणं मागच्या टोकाला कितीतरी मोठं होतं. सरळ जायचं, पण पहिल्या गिअरमध्ये. उतारावरून गटाराच्या कडेला गाडी घेताना पाईपाखालचा नट जमिनीला टेकतो का, ते एकदा खाली वाकून बघितलेलं बरं.

लावायची पद्धत आता ठरून गेली आहे. जड सायकल गाडीच्या बाजूला, दुसरी तिच्या उलट्या दिशेला, म्हणजे दोघींची हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. दोन्ही चाकं पट्ट्यांनी बांधायची. पुढचं मोकळं राहिलं तर वाऱ्यानं फिरत बसतं आणि हँडल वळतं. जिथं लोखंड फ्रेमला लागेल तिथं जुन्या ट्यूबचे तुकडे. सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर येता कामा नये. तासभर गरम धूर लागला तर टायर आणि रिम दोन्ही बिघडतात, कार्बनची रिम तर नक्कीच. कार्बनची फ्रेम असेल तर वरच्या नळीवर चिमटा लावायचाच नाही, चाकांवरच धरायची. बॅटरीवाली सायकल असेल तर बॅटरी काढून आत ठेवायची, तेवढंच वजनही कमी होतं.

आणि निघण्यापूर्वीची परीक्षा, ही मिस्त्रींनीच शिकवली. बाहेरची सायकल दोन्ही हातांनी धरून जोरात हलवायची. सायकलीबरोबर गाडी हलली तर जोड पक्का. सायकल हलली आणि गाडी जागेवर राहिली, तर कुठंतरी ढिलं आहे. फुलेवाडी मागं टाकून बालिंगा आलं की गाडी थांबवून हेच परत करायचं. पट्टे पहिल्या काही किलोमीटरमध्येच बसतात आणि सैल होतात.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीत मनाला येईल तो बदल करू देत नाही. २०१७च्या डिसेंबरात केंद्रानं गाड्यांच्या पुढचे लोखंडी बुलबार बंद केले ते याच आधारावर, कारण समोरच्या माणसाला ते जास्त लागतात आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणतात. आमच्या पाईपाचं तोंड म्हणूनच बंपरच्या आत ठेवलं आहे आणि काम नसेल तेव्हा रॅक काढून भिंतीला टांगलेला असतो. नंबरप्लेटचा प्रश्न जास्त खरा. युरोपात रॅकवर वेगळी पाटी आणि दिवे लावतात. आपली हाय सिक्युरिटी पाटी गाडीलाच बसवलेली असते, ती सायकलींमागं झाकता कामा नये. म्हणून सायकली चढवल्यावर मी दहा पावलं मागं जाऊन एमएच ०९ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचून बघते. वाचता येईना तर एक सायकल आत जाते, मग ग्रीस लागलं तरी लागू दे. सळया नेणारे ट्रकवाले मागं लाल फडकं बांधतात, ते दिवसा ठीक. संध्याकाळी आम्ही बाहेरच्या सायकलीचा मागचा लाल दिवा चालू ठेवतो आणि रॅकच्या दोन्ही टोकांना चमकणारी पट्टी चिकटवली आहे. उसाच्या हंगामात दिवे नसलेल्या ट्रॉलीच्या मागं एकदा अंधारात सापडलं की हे कुणी शिकवावं लागत नाही.

पावसाळ्यात मागच्या चाकांचा सगळा चिखल सायकलींवर येतो. गगनबावड्याच्या पावसात तर चेन पोचेपर्यंत तांबडी होते. हँडल आणि सीटवर पिशवी बांधायची, चेनला घरी आल्यावर पाणी आणि तेल. सगळी सायकल प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा मोह आवरावा. वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि पट्टे ताणले जातात.

आता ओळखीतले लोक रॅक मागायला येतात. मी आधी गाडी कुठली ते विचारते. वेगळी चॅसी नसलेल्या छोट्या गाडीला मिस्त्री स्वतःच नाही म्हणतात, त्या गाडीसाठी तपासून केलेला सांगाडा मिळाला तरच बघू म्हणतात. परवा ऑफिसातला एक जण आला, त्याच्या गाडीत डिकीत सीएनजीची टाकी. ती टाकीच साठ-सत्तर किलोंची, मागची स्प्रिंग आधीच बसलेली. त्याला म्हटलं, तुमची सायकल आमच्या गाडीला लावू, आणि तुम्ही मुलाबरोबर मागं बसा.