साडेसहा तासांचा आराम

डिसेंबरमधली कललेली दुपार होती. पिंपळगाव बसवंतला घरामागच्या द्राक्षबागेत दादा मांडवाखाली उभा राहिला आणि त्याने हळूच मान वर केली. एक घड हातात धरला, कात्रीने आतले चार-पाच मणी काढले, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, पुन्हा वर. वहिनी आणि मी बांधावर श्वास रोखून उभ्या होतो. "दुखत नाही गं," तो म्हणाला, आणि डोळे पुसायला वळला. दोन वर्षांत त्याला घडाकडे असं बघता आलं नव्हतं.

निफाड तालुक्यात ज्याची बाग आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर छाटणी झाली, मणी धरले की थिनिंग, म्हणजे घडातल्या मण्यांची विरळणी, येतं. डोक्याच्या वर मांडव, दोन्ही हात वर, मान मागे, आणि हे दिवसभर, कित्येक आठवडे. दादा आता 52 वर्षांचा आहे. यातली 30 वर्षं त्याने मान वर करून काढली आहेत.

दुखणं मात्र मानेत नव्हतं, निदान त्याला तसं वाटत नव्हतं. ते उजव्या खांद्यावर होतं, अगदी बैलाच्या मानेवर जू बसतं तसं. म्हणून उपचारही खांद्याचेच झाले. एका ठिकाणी खांद्यात दोनदा इंजेक्शन दिलं. त्याने शुगर वाढली, दुखणं जागेवर राहिलं. उसण भरली म्हणून कुणी पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायला सांगितलं, तेही केलं. शेवटी एमआरआय काढला आणि अहवालात तीन चकत्या झिजलेल्या निघाल्या. झालं, "गॅप पडलाय" हे गावभर झालं आणि ऑपरेशनची तारीख ठरायची तेवढी राहिली.

त्याच काळात मी वाचायला लागले आणि एका आकड्याशी थबकले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठीत काहीही दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन तपासले होते. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे झीज फोटोत दिसते, दुखणं दिसत नाही. मी दादाला म्हटलं, "दादा, तारीख घ्यायच्या आधी तू एकदा माझ्याबरोबर नाशिकला चल."

नाशिकच्या वेदनातज्ज्ञ डॉक्टर बाईंनी एमआरआय बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, "भाऊ, दिवसभर काम काय करता?" मग त्याला मान मागे टाकून उजवीकडे वळवायला लावली. दादा कळवळला. हाताला मुंग्या येतात का, पकड सैल झाली आहे का, चालताना तोल जातो का, हे सगळं तपासलं. तसं असतं तर त्यांनी रस्ता वेगळा धरला असता.

मग त्यांनी समजावलं. दोन मणक्यांच्या मध्ये पुढच्या बाजूला चकती असते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मागच्या बाजूला डावीकडे-उजवीकडे करंगळीच्या नखाएवढे दोन सांधेही असतात. त्यांना फॅसेट जॉइंट म्हणतात. मान मागे टाकली की ते एकमेकांवर दाबले जातात. मानेच्या खालच्या भागातला असा सांधा दुखावला तर कळ खांद्यावर जाणवते. हे उगाच नाही सांगत कोणी. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी काही निरोगी स्वयंसेवकांनी आपल्या मानेच्या सांध्यांत सुया टोचून घेतल्या, सांधे मुद्दाम ताणून घेतले आणि कळ कुठे उठते याचे नकाशे तयार झाले. त्या अनोळखी माणसांचे मला फार उपकार वाटतात.

"दुखणारा सांधा कोणता, हे फोटो सांगत नाही. सांध्याची कळ नेणारी नस थोडा वेळ बधिर केली तर कळतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण भाऊ, हा इलाज नाही. औषध उतरलं की दुखणं परत येणार. आलंच पाहिजे."

घरात भीती होतीच. मणक्यात सुई म्हणजे पाय जाणार, असं वहिनीला चार जणींनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर मणके एकावर एक रचलेले दिसत होते आणि सुई काळ्या रेघेसारखी हाडाच्या कडेला जाऊन थांबली. औषध किती? अर्धा मिलिलिटरसुद्धा नाही. स्टेरॉइड नव्हतंच. जोखीम अगदीच नसते असं नाही, म्हणून तर रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगर, अॅलर्जी सगळं आधी विचारून घेतलं होतं.

साडेअकराला सुई झाली. त्या दिवशी त्याने गाडी चालवायची नव्हती, म्हणून ओझर-कोकणगाव मार्गे मीच त्याला घरी आणलं. दर अर्ध्या तासाला 0 ते 10 मध्ये दुखण्याचा आकडा लिहायचा होता, तोही नेहमीचं काम करून. म्हणूनच त्या दुपारी तो मांडवाखाली उभा राहिला होता. दादाने फवारणीची वही काढली. औषध, प्रमाण, छाटणीपासूनचा दिवस, त्याच्याखाली मानेचे आकडे: सकाळी 8, मग 2, 1, 1, 1. सहा वाजता 4. रात्री पुन्हा 8.

वहिनी रडली. "अहो, पैसे पाण्यात गेले." डॉक्टरांनी मात्र वही पाहून मान डोलावली. साडेसहा तास दुखणं थांबलं आणि औषधाबरोबर परत आलं, हेच तर त्यांना हवं होतं. तरी त्यांनी घाई केली नाही. नुसत्या सुईच्या विश्वासानेही माणसाला बरं वाटतं, म्हणून दुसऱ्यांदा कमी वेळ टिकणारं औषध दिलं, कोणतं ते न सांगता. या वेळी आराम दोन तासच टिकला. आता त्यांची खात्री पटली.

जानेवारीत रेडिओफ्रीक्वेन्सी केली. सुईचं टोक साधारण 80 अंशांपर्यंत तापवून ती बारीक नस दीड मिनिट शेकायची. पुढचे दोन आठवडे मान ठणकली आणि कातडी उन्हाने भाजल्यासारखी झाली. मग एका सकाळी दादा शर्ट घालताना थांबला नाही, हे वहिनीच्याच आधी लक्षात आलं.

नस पुन्हा वाढते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वाहन अपघातात मान झटकलेल्या 24 रुग्णांपैकी निम्म्यांची नस खरोखर शेकली, निम्म्यांना फक्त सुई लावली. दुखणं निम्म्यावर परत यायला पहिल्या गटात मध्यकानुसार 263 दिवस लागले, दुसऱ्यात 8. बागायतदाराला दिवस मोजायला शिकवावं लागत नाही. दादाच्या वहीत बागेच्या दिवसाशेजारी मानेचाही दिवस लिहिला जाऊ लागला. परवा, मानेच्या 310 व्या दिवशी, त्याने 3 लिहिला. गरज पडली तर पुन्हा करता येतं, म्हणून तो घाबरला नाही.

व्यायाम चालू आहेत. घड नजरेच्या उंचीला येईल असं उभं राहायचं, असं फिजिओथेरपिस्टने बजावलंय. म्हणून यंदा थिनिंगला त्याने टोमॅटोचे रिकामे क्रेट बागेत आणून उलटे टाकले. सुरगाण्याहून आलेल्या मजूर बायका त्याच्याहून ठेंगण्या, त्यांची मान तर जास्तच मागे जाते. त्यांच्या मानेची वही कोणी ठेवलेली नाही. पहिल्या दिवशी सात क्रेट होते आणि बाया बारा. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पिकअप घेऊन मार्केटकडे गेला आणि आणखी क्रेट घेऊन आला.