शिंचू : परत आलेल्या विद्येचे गाव

तैवान म्हटले की आपल्या वस्तीतील अनेकांना एक जाडजूड ग्रंथ आठवतो. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचा हिंदी अनुवाद तैपेईच्या एका बौद्ध संस्थेने छापला आणि आपल्याकडे मोफत वाटला. त्याच बेटावरचे शिंचू मात्र आपल्याला फारसे माहीत नाही. विहारदर्शनासाठी गेलेल्या आमच्या गटाने एक दिवस या शहरासाठी काढला.

तैपेईहून वेगवान रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासात शिंचू येते. इथे वारा सतत वाहतो, म्हणून याला वाऱ्याचे शहर म्हणतात. त्या वाऱ्यावर वाळवलेल्या तांदळाच्या शेवया ही इथली जुनी ओळख. नवी ओळख म्हणजे डिसेंबर १९८० मध्ये सुरू झालेली विज्ञान वसाहत. शेजारी दोन विद्यापीठे, रुंद रस्ते, झाडे आणि बंदिस्त कारखाने. आपल्या हातातल्या मोबाईलचा मेंदू, म्हणजे चिप, अशा कारखान्यांत तयार होते.

हे उभे कसे राहिले? फेब्रुवारी १९७४ मध्ये तैपेईतल्या सोयाबीनच्या दुधाच्या एका साध्या दुकानात सात माणसे न्याहारीला बसली. त्यांत मंत्री सून युन-सुआन होते आणि अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत काम करणारे अभियंते पान वेन-युआन होते. चिपचा उद्योग उभारायचे तिथे ठरले. पान यांनी अमेरिकेतल्या चिनी अभियंत्यांना एकत्र करून सल्लागार समिती केली. आपापल्या नोकऱ्या सांभाळून ही मंडळी मायभूमीला वाट दाखवू लागली. १९७६ मध्ये तैवानचे तरुण अभियंते आरसीएकडे शिकायला गेले आणि परत येऊन त्यांनी शिंचूत कारखाना चालवला. अमेरिकेत उमेदीची वर्षे घालवलेले मॉरिस चँग १९८५ मध्ये तैवानला आले आणि १९८७ मध्ये त्यांनी टीएसएमसी स्थापन केली. परतणाऱ्यांच्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून वसाहतीत १९८३ मध्येच शाळा निघाली होती, तीही दोन भाषांत शिकवणारी. नुसत्या भावनेवर माणूस परत येत नाही. त्याच्यासाठी घर, शाळा आणि काम तयार ठेवावे लागते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच आरसीएच्या ताओयुआन येथील कारखान्यातील रसायनांनी भूजल विषारी झाले. अनेक कामगारांना कर्करोग झाला, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. दीर्घ लढ्यानंतर २०१५ मध्ये तैपेईच्या न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. विद्या आली, पण तिच्यासोबत करुणा आली नाही तर काय होते, ते इथे दिसते.

बाबासाहेबांनी १९४२ मध्येच सरकारला निवेदन देऊन अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी परदेशी पाठवण्याची मागणी केली होती. आज आपली मुले-मुली शिष्यवृत्तीवर परदेशी जात आहेत. आपण त्यांचा सत्कार करतो, हार घालतो आणि विसरतो. त्याऐवजी प्रत्येक विहारात त्यांची एक वही ठेवू या : कोण, कुठे, काय शिकतो. बारावीच्या मुलीने अर्ज कसा भरावा, हे त्यांनी महिन्यातून एक रविवार फोनवर सांगितले तरी पुष्कळ आहे. परत येणे सर्वांना जमणार नाही. पण विद्या परत पाठवणे जमेल. शिंचूची सुरुवातही सात माणसांच्या न्याहारीतूनच झाली.

जय भीम!