मामांची जीप आणि दोन इंजिने

वर्धा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चरखा, खादी आणि सेवाग्रामची बापूकुटी उभी राहते. मीही वर्ध्याला पुष्कळदा गेलो आणि दर वेळी तेवढेच पाहून परत आलो. यंदाच्या मे महिन्यात मात्र मी तेथे एका निराळ्याच यात्रेला गेलो. या यात्रेतले दैवत म्हणजे एक बंद पडलेली जीप, आणि पुजारी म्हणजे कोपरापर्यंत तेलाने माखलेला एक मिस्त्री!

त्याचे असे झाले. सेलू तालुक्यात, हिंगणीच्या बाजूला माझ्या मामांचे शेत आहे. मामांनी ऐंशी ओलांडली. मामेभाऊ पुण्याला नोकरीत. एके रात्री त्याचा फोन आला, "दादा, तू एकदा जाऊन बाबांना समजाव. जीप भंगारात देऊ म्हटले की ते जेवत नाहीत." दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन, "बापू, तू एकदा ये अन् त्या पोराले समजाव!" दोन्ही पक्षांनी मलाच वकीलपत्र दिल्यावर जाणे भागच होते.

सेवाग्राम एक्सप्रेसने सकाळी वर्ध्याला उतरलो आणि एस.टी.ने सेलूची वाट धरली. वाटेत पवनार लागते. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. उन्हाळ्यात नदी हडकलेली, पण पात्रातले खडक पाहण्यासारखे. शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी जीपसाठी चाललो आहे हे ऐकून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. जमनालाल बजाजांकडे म्हणे एक जुनी फोर्ड मोटार होती. तिचे इंजिन निकामी झाले तेव्हा त्यांनी तिला सरळ बैल जुंपले. ऑक्स म्हणजे बैल. तेव्हा ओढणारे ऑक्स आणि गाडी फोर्ड, म्हणून तिचे नाव पडले 'ऑक्सफर्ड'! म्हातारबुवा हसून म्हणाले, "इंजिन बदलाची विद्या आमच्या वर्ध्यात तेव्हापासूनची आहे, साहेब."

मामांच्या अंगणात जीप कडुनिंबाखाली उभी होती. चारी चाकांतली हवा गेलेली, आणि मागच्या बाकावर कोंबडीने संसार मांडलेला. मामांनी ती १९६९ साली घेतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या, त्यांच्याच कुळातली ही. १९४७ पासून महिंद्रांनी विलिसच्या जीपचे भाग आणून मुंबईत जुळवायला सुरुवात केली आणि पुढे ही उंच नाकाची सीजे-३बी आपल्या खेडोपाडी पोचली. नाक उंच असण्याचे कारण आतले इंजिन. त्यात हवा घेणाऱ्या झडपा डोक्यावर आणि धूर सोडणाऱ्या झडपा बाजूला, त्यामुळे ते उभट. चार सिलिंडर, सुमारे २२०० सीसी, आणि पेट्रोलचे खाणे मात्र पैलवानाचे.

शहरातल्या वाचकांना प्रश्न पडेल, शेतकऱ्याला एवढी थोरली गाडी कशाला? त्यांनी पावसाळ्यात येथली काळी माती पाहावी. उन्हात तिला वीतभर भेगा पडतात, आणि दोन सरी कोसळल्या की तिचे मेण होते. साध्या मोटारीची दोन चाके जागच्या जागी फिरत रुतत जातात. जीपच्या गिअरशेजारी दोन छोटे दांडे असतात. एकाने पुढची चाकेही कामाला लागतात, दुसऱ्याने वेग कमी होऊन जोर वाढतो. पावसाळी रात्री गावातल्या अडलेल्या बायकांना मामांनी याच दांड्यांच्या भरवशावर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पोचवले होते.

पण पेट्रोल परवडेना. डिझेल त्या काळी पेट्रोलच्या मानाने फारच स्वस्त. १९८७ साली वर्ध्याच्या एका मिस्त्रीने मामांच्या जीपमधले इंजिन काढून मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवले. विदर्भातच काय, साऱ्या देशात तेव्हा जीपगाड्यांची आणि ॲम्बेसेडरांची अशी हृदये बदलली जात होती. डिझेलवर जीप पुढे पंचवीस वर्षे धावली, मग धूर ओकू लागली आणि एके दिवशी बसली ती बसलीच.

मामा म्हणाले, "चल, त्या मिस्त्रीच्या पोराकडे जाऊ."

मिस्त्रीचा पोर म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ. नागपूर रस्त्याला त्याचे टिनाचे छप्पर आहे. तेथे बोर अभयारण्यात पर्यटकांना हिंडवणारी एक जिप्सी पोट उघडून पडली होती. मला वाटले, हा चटकन एखादे नवे इंजिन सुचवील आणि आकडा सांगेल. पण त्याने आधी मागितले गाडीचे पुस्तक. ते वाचून तो मामांना म्हणाला, "काकाजी, डिझेल इंजिन या पुस्तकात चढवलंच नाही तुम्ही?"

मामा ओशाळले. बदल कळवायला हवा होता, पण आज जाऊ उद्या जाऊ करता करता राहूनच गेले. पुढे जीप शेताबाहेर जाईनाशी झाली आणि नोंदणीची मुदतही संपली.

मिस्त्रीने मला समजावून सांगितले, "१९८८ च्या कायद्याचं बावन्नावं कलम आहे, जी. पुस्तकात लिहिलं एक अन् गाडी निराळीच, असं चालत नाही. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी. २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा तेच सांगतलं. मी तुमाले भंगारातलं ताजं इंजिन आठ दिवसांत बसवून देतो, पैसेही मले जास्त भेटतील. पण नोंदणीसाठी साहेब पाहाले आला की नंबर जुळनार नाही. मग ही गाडी कायमची कोंबड्यायचीच." जरा थांबून त्याने विचारले, "जुनं इंजिन विकलं का, काकाजी?"

"विकू कसं देईल तुझा बाप?" मामा म्हणाले. "गोठ्यात आहे."

संध्याकाळी आम्ही तिघे गोठ्यात शिरलो. कडब्याच्या पेंढ्या हलवल्या. खाली चार विटांवर, मेणकापडात गुंडाळलेले ते इंजिन. मिस्त्रीने एक स्पार्क प्लग खोलला, आत बोट घातले आणि बाहेर काढले. बोटावर काळपट, घट्ट तेल! बापाने अडतीस वर्षांपूर्वी चारी सिलिंडरांत तेल ओतून भोके बंद केली होती. मिस्त्री बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिला. मग त्याने रॉकेलच्या फडक्याने पाण्याच्या पंपाजवळची जागा पुसली. अंक दिसू लागले. मामा पुस्तकातला नंबर वाचत होते, तो लोखंडावरचा वाचत होता. सर्व अंक जुळले!

"पन या जीपनं बसवून घेतलं पाहिजे," मी शंका काढली. "चेसिस कापलेली असेल ना?"

"उद्या पाहू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जीपखाली शिरून तो हसतच बाहेर आला. इंजिन बदलण्यात खरी मेख असते जोडाची. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट अगदी एका रेषेत यावे लागतात. केसभर फरक राहिला तरी क्लच आणि बेरिंगे झिजतात. बापाने मधे एक जाड लोखंडी प्लेट तासून बसवली होती. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवले होते. पण सारे नटबोल्टवर! चेसिसला कोठेही कापले नव्हते, वेल्डिंगचा एक टाका नव्हता, आणि जुन्या इंजिनाच्या बैठकी जागच्या जागी होत्या.

"माह्या बापाले वाटत होतं, आज ना उद्या हे परत बसवा लागंल," तो म्हणाला. "आमी पोरं मनो, बुढा उगाच येळ घालवते."

मी परतलो. मामेभावाला कळवले, पोळ्यापर्यंत थांब. तिकडे काम चालू होते. अडकलेल्या पिस्टनांवर तेल आणि रॉकेल मुरवून हँडलने इंजिन सोडवले. सिलिंडर नागपूरला बोअर करून आणले, मोठ्या मापाचे पिस्टन घातले, झडपा घासल्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्याही नव्या घातल्या.

पोळ्याला मी पुन्हा गेलो. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता. मामेभाऊ पुण्याहून नव्या कोऱ्या मोटारीतून निघाला, समृद्धी महामार्गावरून झपाट्याने आला, आणि घरापासून दोनशे पावलांवर काळ्या मातीत अडकला! जितका जोर लावावा तितकी मोटार खोल. एरवी बैलजोडी लावून ओढली असती, पण पोळ्याच्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवायचे नसते. शिंगांना बेगड लावून, झुली पांघरून ते ऐटीत उभे होते.

मामांनी मिस्त्रीकडे पाहिले. मिस्त्रीने हँडल घातले. पहिल्या फेऱ्याला नुसता खोकला, दुसऱ्याला धूर, आणि तिसऱ्याला इंजिन बोलू लागले. मामांनी दोन्ही दांडे ओढले, दोर बांधला, आणि पुण्याची मोटार चिखलातून हळूहळू वर आली. मामेभाऊ गुडघाभर चिखलात उभा होता. भंगाराचे नाव त्याने काढले नाही. तो एवढेच म्हणाला, "बाबा, नोंदणीचे कागद माझ्याकडे द्या. मी बघतो."

मामींनी बैलांना ओवाळले आणि उरलेले कुंकू जीपच्या उंच नाकाला लावले.

दुपारी पुरणपोळी झाल्यावर मी गोठ्यात गेलो. त्याच चार विटांवर आता डिझेल इंजिन ठेवलेले होते. मिस्त्री नोझलच्या भोकांतून एकेका सिलिंडरमध्ये तेल ओतत होता.

मामा मागून आले. "अरे, आता हे कायले जपतं? हे कोन बसवनार?"

मिस्त्रीने भोकात बूच बसवले आणि हात पुसला. "काकाजी, माह्या बापालेही तुमी हेच इचारलं होतं म्हनते."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातले मेणकापड उचलले आणि त्याचे एक टोक माझ्या हाती दिले.