पडद्यामागचा ट्रॉय

एक कबुली देऊन टाकते. तिशी ओलांडली, टीम लीड झाले, होम लोन डोक्यावर आहे, आणि तरीही हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले की माझ्या कानात 'हायस्कूल म्युझिकल'ची गाणी वाजत असतात. कंपनीच्या बसमध्ये बाजूचे लोक पॉडकास्ट ऐकत असतात, शेअर बाजाराचे नाहीतर पहाटे पाचला उठण्याच्या फायद्यांचे. मी फोन उलटा ठेवते. उगाच कुणी स्क्रीन बघायला नको!

ज्यांनी तो पाहिलाच नाही (असेही लोक असतात म्हणे) त्यांच्यासाठी थोडक्यात स्टोरी. थर्टी फर्स्टची रात्र, बर्फाळ डोंगरातलं रिसॉर्ट. एकमेकांना न ओळखणाऱ्या एका मुलाला आणि मुलीला पब्लिक धरून स्टेजवर ढकलतं आणि कॅरिओकीवर गायला लावतं. आधी दोघंही नर्व्हस, मग गाणं असं काही रंगतं की बस! सुट्टी संपते आणि ती नेमकी त्याच्याच शाळेत येते. तो ट्रॉय, बास्केटबॉल टीमचा कॅप्टन, वडीलच कोच. ती गॅब्रिएला, सायन्समध्ये एकदम हुशार. शाळेत म्युझिकलची ऑडिशन निघते. दोघांनाही गायचंय, आणि दोघांच्याही मित्रमंडळींना वाटतं, हे काय भलतंच!

बास, एवढंच. गंमत म्हणजे ज्या नाटकासाठी हा आटापिटा, ते नाटक पहिल्या भागात दिसतच नाही. अख्खा सिनेमा एका ऑडिशनसाठी!

डिस्ने चॅनलने तो अमेरिकेत जानेवारी २००६ मध्ये दाखवला. थिएटरसाठी नाही, टीव्हीसाठी बनवलेला, कमी बजेटचा सिनेमा. शूटिंग सॉल्ट लेक सिटीतल्या 'ईस्ट हाय' या खऱ्याखुऱ्या शाळेत झालं. दिग्दर्शक केनी ऑर्टेगा, म्हणजे 'डर्टी डान्सिंग'मधले नाच बसवणारा. आणि मग जे झालं ते विचारू नका. 'ब्रेकिंग फ्री' हे गाणं बिलबोर्डच्या यादीत एका आठवड्यात ८६ नंबरवरून ४ वर गेलं. साउंडट्रॅक त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम ठरला.

आमच्याकडे तो केबलवरून आला. मी तेव्हा नववीत, मराठी मीडियम. गाण्यातले अर्धे शब्द डोक्यावरून जायचे, म्हणून वहीच्या मागच्या पानांवर ऐकू येतील तसे देवनागरीत लिहून काढले होते. कॉलेजात गेल्यावर खरे शब्द कळले, तेव्हा वही काढून लोळून लोळून हसले. पण चाली मात्र पहिल्या दिवसापासून पक्क्या होत्या.

आजही पाहते तेव्हा तीन जागी अडकतेच. पहिली, बास्केटबॉलच्या प्रॅक्टिसमधलं गाणं. चेंडू जमिनीवर आपटण्याचा आवाज हाच त्याचा ठेका! डोक्यात गेम ठेवायचा की गाणं, ही ट्रॉयची कुतरओढ पायाच्या तालावरच कळते, शब्द कळायची गरज नाही.

दुसरी, एकच गाणं दोनदा येतं ती. शार्पे आणि रायन ही शाळेची कायमची स्टार जोडी, सख्खी जुळी भावंडं. ते गाणं फास्ट करून, हातवारे करून, चकाचक सादर करतात. मग पियानोवर बसणारी, चष्मा लावणारी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली केल्सी तेच गाणं तिने रचलं तसं संथपणे वाजवते आणि ट्रॉय-गॅब्रिएला सहज गुणगुणतात. चाल तीच, पण अंगावर काटा येतो. चाल बांधणाऱ्याच्या मनात काय होतं, हे तेव्हा कळतं.

आणि तिसरी, कँटीनचं गाणं! बास्केटबॉलवाला पोरगा सगळ्यांसमोर सांगून टाकतो की त्याला बेकिंग आवडतं. अभ्यासू मुलीला हिपहॉप नाचायचं असतं. स्केटबोर्डवाला चेलो वाजवतो. बाकी सगळे ओरडतात, आहात तिथेच राहा! नववीत ते फक्त धमाल वाटलं होतं. आता रोज दुपारी एक वाजता ऑफिसच्या कँटीनमध्ये ट्रे घेऊन उभी राहिले की ते गाणं आठवतं. डेव्हलपर एका टेबलावर, टेस्टिंगवाले दुसऱ्या, सेल्सवाले खिडकीपाशी. आमच्या टेस्टिंगमधला एकजण ढोलताशा पथकात ताशा वाजवतो, हे मला त्याच्या फेअरवेलच्या दिवशी कळलं. चार वर्षं शेजारच्या क्युबिकलमध्ये होता!

तर, नववी. सिनेमा पाहून मी इतकी चार्ज झाले होते की डिसेंबरच्या गॅदरिंगमध्ये नाव दिलं. आवाज चांगला होता, हे मी नाही, सगळे म्हणायचे. पण मी बोलताना अडखळायचे. अजूनही कधीकधी अडखळते. गाताना मात्र कधीच नाही. नाटुकल्यात एका मुलीला दोन गाणी होती आणि मधे चार वाक्यं. बाईंनी खूप विचार केला असावा. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू आतून गा गं. ती बाहेर उभी राहील. आवाज तुझाच ना, मग झालं तर."

झालं तर. मी विंगेत, धुळकट पडद्यामागे, माईक घेऊन स्टुलावर बसले. बाहेर वर्गातली एक गोड मुलगी ओठ हलवत होती. टाळ्या पडल्या, वन्स मोअर आला. आई पहिल्या तीन रांगांत बसली होती. घरी जाताना शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "ती मुलगी काय गायली हो!" आई काहीच बोलली नाही. रिक्षात तिने माझा हात मात्र घट्ट धरून ठेवला होता. मी मनात म्हटलं, ट्रॉय असता तर असं आत बसला नसता.

आता ऐका पुढचं. बऱ्याच वर्षांनी, नोकरी लागल्यावर, कुठेतरी वाचलं की पहिल्या सिनेमात ट्रॉयच्या गाण्यांतला आवाज मुख्यतः झॅक एफ्रनचा नाहीच! तो ड्रू सीली नावाच्या गायकाचा. बास्केटबॉलच्या त्या गाण्याच्या लेखनातही सीलीचा हात होता. म्हणजे स्वतःचा आवाज सगळ्यांसमोर आणा, असं सांगणाऱ्या सिनेमातच एक माणूस पडद्यामागे बसला होता!

खरं सांगते, दोन दिवस मूड गेला होता. अमेरिकेतल्या चाहत्यांना फसवल्यासारखं वाटलं असेल, तर ते मला समजू शकतं. पण माझं दुःख वेगळंच होतं. आपण तर प्लेबॅकच्या देशातले. नायिका ओठ हलवते आणि लतादीदी गातात, यात आपल्याला कधी काही खटकलं नाही. पण आपल्याकडेही नाव यायला वेळ लागलाच की. 'महल' १९४९ चा. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव म्हणून 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव! ही कामिनी कोण, असं श्रोते विचारत राहिले, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. आतून गाण्यात कमीपणा नाहीच. आत कोण गातंय हे कुणी सांगतच नाही, बोच त्याची असते.

मग मी सीलीबद्दल जे मिळेल ते वाचत सुटले. २००६ च्या नोव्हेंबरअखेर अमेरिकेत 'हायस्कूल म्युझिकल'च्या कलाकारांची कॉन्सर्ट टूर निघाली. एफ्रन तेव्हा 'हेअरस्प्रे'मध्ये बिझी होता. मग ट्रॉयची गाणी गायला स्टेजवर कोण उभं राहिलं? ड्रू सीली! हजारो लोकांसमोर, लाइट अंगावर घेऊन. आणि ते दिवस कुठले, तर मी विंगेत स्टुलावर बसले होते तेच. दुसऱ्या सिनेमापासून एफ्रनही स्वतःची गाणी स्वतः गायला लागला. दोघांनाही आपापला आवाज मिळाला म्हणायचा. सिनेमावरचा माझा राग तिथेच संपला.

गेल्या महिन्यात एचआरचा मेल आला. ॲन्युअल डे, गाणाऱ्यांनी नावं द्या. अकरा वर्षांत असे अकरा मेल मी न उघडता डिलीट केलेत. या वेळी उघडला. मग बंद केला. रात्री सिनेमा लावला आणि थेट शेवटाकडे गेले. भरलेलं सभागृह बघून गॅब्रिएलाचे पाय थिजतात, तोंडातून सूर निघत नाही. ट्रॉय तिला सांगतो, बाकी कुणाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. केल्सी पुन्हा सुरुवात करते. मला गॅब्रिएलापेक्षा त्या वेळी केल्सीचा जास्त आधार वाटतो. कुणीतरी न चिडता पुन्हा पहिल्यापासून वाजवायला तयार असणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

नाव दिलं. ऑडिशन सहाव्या मजल्यावरच्या कॉन्फरन्स रूममध्ये होती. प्रोजेक्टरवर कुणाचा तरी तिमाही रिपोर्ट तसाच उघडा. समोर तीनजण. नाव सांगताना अडखळले, चांगली पाच-सहा सेकंद. कुणी हसलं नाही. मग गायले. अर्थातच मराठी भावगीत, त्यांना वाटलं असेल मी फारच क्लासिकल वगैरे आहे! बाहेर आल्यावर आधी आईला फोन केला. ती म्हणाली, "आतून नाही ना गायलीस?"

रिझल्ट अजून लागायचाय. लागेल तेव्हा लागेल. आमच्या ट्रॉयचाही अख्खा सिनेमा ऑडिशनमध्येच संपला होता.