वाबळेवाडीची उजेडाची शाळा

वडगाव निंबाळकरहून नातीला घेऊन सकाळीच निघालो. नीरा डाव्या कालव्याकाठचा ऊस मागे पडला. मोरगाव, सुपे, चौफुला करीत शिक्रापूर गाठले. तिथून जवळच शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी. इथली जिल्हा परिषदेची शाळा ‘शून्य ऊर्जा शाळा’ म्हणून ओळखली जाते. गावकऱ्यांनी जमीन दिली, नव्या वर्गांना बँक ऑफ अमेरिकेची मदत झाली.

शून्य ऊर्जा म्हणजे वीजच नाही, असे नव्हे. वर्षभरात जेवढी वीज लागते तेवढी इमारतीनेच तयार करायची. त्यासाठी आधी खर्च कमी करायचा. इथे वर्गांना काचेच्या भिंती आहेत. दिवसा उजेड भरपूर. उरलेली गरज सौर विजेवर भागवायची. दिल्लीचे इंदिरा पर्यावरण भवन २०१४ साली याच हिशेबाने उभे राहिले. तिथे ९३० किलोवॅटचा सौर संच आहे.

नात म्हणाली, “आजोबा, आपल्या शाळेत असं का नाही?”

मला माझी शाळा आठवली. बिल थकले म्हणून वीज तोडलेली. पावसाळ्यात आम्ही दाराशी सरकून वाचायचो. १९४३ साली मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला होता. तो कुणासाठी, हे त्या अंधाऱ्या वर्गात बसलेल्याला सांगावे लागत नाही.

बंधू-भगिनींनो, सौर संचाला पैसे लागतात. पण कपाट लावून बंद केलेली खिडकी उघडायला लागत नाहीत. येत्या पालकसभेत निदान तेवढे तरी विचारूया.