‘च’ आणि ‘ओन्ली’

मराठीतील ‘च’ दिसायला एवढासा. परंतु इंग्रजी शिकताना तो जितका आड येतो, तितके मोठमोठे समासही येत नाहीत. आम्हां भिलाईकर मराठी मंडळींची मुले ‘आय ॲम फ्रॉम भिलाई ओन्ली’ असे लिहितात आणि त्या ‘ओन्ली’खाली तांबडी रेघ येते. रेघ योग्य असते; तिचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते.

‘ओन्ली’चे मुख्य काम वगळण्याचे, ‘च’ वगळतोही आणि ठासूनही सांगतो. ‘राम चहाच प्यायला’ म्हणजे दुसरे काही प्यायला नाही. येथे ‘ओन्ली’ शोभतो. ‘राम चहा प्यायलाच’ म्हणजे कोणी नको म्हणत असताही प्यायला. येथे ‘ओन्ली’ निरुपयोगी. कसोटी सोपी आहे: ‘च’ काढून ‘फक्त’ घालून पाहावे, अर्थ टिकला तरच ‘ओन्ली’ लिहावा.

दुसरी अडचण जागेची. ‘च’ शब्दाच्या शेवटी चिकटतो. ‘ओन्ली’ लेखनात बहुधा शब्दाच्या आधी बसतो. बोलण्यात तो क्रियापदाजवळ सरकतो, आणि या सवयीची पाठराखण फाउलरने १९२६ च्या आपल्या कोशात केली आहे. कोरियन भाषेतही ‘फक्त’ या अर्थाचा ‘मान’ नामाच्या शेवटी लागतो. तेव्हा जागेचा हा पेच आम्हां एकट्यांचा नव्हे.

भिलाईत तर ‘च’ला सोबतीही आहे. छत्तीसगढीतही जोर देण्यासाठी शब्दाला ‘च’ लागतो. हीरालाल काव्योपाध्याय यांच्या ज्या छत्तीसगढी व्याकरणाचे ग्रियर्सनने केलेले इंग्रजी भाषांतर १८९० मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात त्याची नोंद आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि आमची वडीलधारी मंडळी विदर्भातून आली, तेव्हा बाजारातील बोलीत हा ओळखीचा ध्वनी त्यांच्या आधीच नांदत होता.

आज ‘मूळ गाव कोणते?’ असे कोणी विचारले की, आम्ही ‘भिलाईचेच’ म्हणतो. आता तीच कसोटी लावून पाहा: ‘फक्त भिलाईचे’. लागलीच विदर्भातले घर, आजोळ, ही मराठी, सारे त्या एका शब्दाने वगळले जाते. आमच्या ‘च’ने कोणालाही वगळलेले नसते, इथल्या मातीवरचा हक्क तेवढा सांगितलेला असतो. मुलांच्या वहीतील ती तांबडी रेघ म्हणूनच आम्हांला मान्य आहे.